हायस्कूल नावाचे गाव

अमेरिकी हायस्कूलमध्ये घडणाऱ्या आणि वयात येण्याची गोष्ट सांगणाऱ्या विनोदी चित्रपटांचा एक स्वतंत्र प्रकार गेल्या पन्नास वर्षांत रूढ झाला आहे. चौदा ते अठरा वर्षांची मुलेमुली, एखादे लहान शहर किंवा उपनगर आणि संपत आलेले शैक्षणिक वर्ष एवढ्या भांडवलावर हे चित्रपट उभे राहतात. नाचाच्या कार्यक्रमाला बरोबर कोण येणार, जेवणाच्या सुट्टीत कोणाशेजारी बसायचे, सोमवारी वर्गात तोंड कसे दाखवायचे, असे त्यातले प्रश्न असतात. तरीही शाळा सोडून तीस वर्षे लोटलेली माणसे ते पुन्हा पुन्हा पाहतात आणि अमेरिकेत कधी पाऊल न ठेवलेले प्रेक्षकही त्यांत रमतात. या ओढीचे निम्मे कारण अमेरिकी शाळेच्या रचनेत सापडते. उरलेले निम्मे कारण असे की, यांतले उत्तम चित्रपट त्या वयाच्या दुःखाला क्षुल्लक मानत नाहीत.

अमेरिकेत नववी ते बारावी या चार इयत्ता मिळून हायस्कूल होते. महाराष्ट्रात दहावी झाली की मुले शाळा सोडतात आणि गुणांनुसार, शाखेनुसार वेगवेगळ्या कॉलेजांत विखुरतात. अमेरिकेत ही पांगापांग अठराव्या वर्षापर्यंत लांबते. सार्वजनिक हायस्कूलमध्ये परिसरातली बहुतेक मुले एकाच इमारतीत येतात. डॉक्टरची मुलगी, गॅरेजवाल्याचा मुलगा, फुटबॉलपटू, कवी आणि वाया गेलेला म्हणून ओळखला जाणारा पोरगा रोज एकमेकांच्या नजरेसमोर असतात. गणवेश बहुधा नसतो, त्यामुळे कपड्यांवरून ऐपत आणि कंपू दोन्ही कळतात. तास संपला की शिक्षक नव्हे, विद्यार्थी वर्ग बदलतात, म्हणून दर तासाला सगळी शाळा व्हरांड्यात उतरते. लॉकर, कॅफेटेरिया, खेळाचे मैदान या जागी कोण कोणाबरोबर आहे हे सर्वांना दिसते. बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षाच्या सुमारास गाडी चालवण्याचा परवाना मिळतो आणि आईवडिलांच्या नजरेबाहेरची संध्याकाळ हाती येते. शेवटी प्रॉम नावाचा नाचाचा समारंभ, पदवीदान आणि मग दूरच्या कॉलेजात रवानगी. पटकथाकाराला याहून सोयीची रचना शोधून सापडली नसती. पात्रे बाहेर जाऊ शकत नाहीत, एकमेकांना टाळू शकत नाहीत आणि सगळ्याला शेवटची तारीख ठरलेली असते.

ही रचना फार जुनी नाही. १९१० साली अमेरिकेतली जेमतेम नऊ टक्के मुले हायस्कूल पूर्ण करत. बाकीची शेतात, कारखान्यात, दुकानात कामाला लागत. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर पोचले. मूलपण संपलेले पण कमावण्याची सक्ती नसलेले असे एक वय त्यातून सार्वत्रिक झाले आणि सिनेमाने ते लगेच हेरले. मिकी रूनीने रंगवलेला अँडी हार्डी १९३७ पासून पडद्यावर येऊ लागला. त्याच्या खोड्या शेवटी न्यायाधीश वडिलांच्या उपदेशाने मिटत. १९५५ साली आलेल्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ आणि ‘रिबेल विदाउट अ कॉज’ या गंभीर चित्रपटांत हाच मुलगा समाजापुढची समस्या झाला. दोन्हीकडे त्याच्याकडे पाहणारी नजर मोठ्यांचीच होती.

ती नजर बदलण्यात जॉर्ज लुकासच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’चा (१९७३) वाटा मोठा आहे. कॅलिफोर्नियातील मॉडेस्टो हे लुकासचे स्वतःचे गाव. १९६२ च्या उन्हाळ्यातली शेवटची रात्र, नुकतेच हायस्कूल संपवलेले मित्र, रस्त्यावरून निरुद्देश फिरणाऱ्या गाड्या आणि सगळ्या गाड्यांच्या रेडिओवर एकच कार्यक्रम, एवढीच गोष्ट. दोघांनी सकाळी विमानाने कॉलेजला जायचे ठरलेले असते; जावे की राहावे यात रात्र सरते. शेवटी पडद्यावर चौघा मुलांचे पुढे काय झाले ते लिहून येते. एक दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या धडकेने मेला, एक व्हिएतनाममध्ये बेपत्ता झाला, एक गावातच विमा एजंट झाला आणि एक कॅनडात लेखक. त्या चार ओळींनी आधीची सगळी मस्करी वेगळी दिसू लागते. प्रेक्षकाला पात्रांचे भविष्य माहीत असणे आणि पात्रांना नसणे, ही युक्ती या प्रकाराने पुढे कधी सोडली नाही. मुलींचे काय झाले हे मात्र त्या ओळींत नाही, आणि ती उणीव दूर व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

एमी हेकरलिंगचा ‘फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय’ (१९८२) ही त्या दिशेने पहिली मोठी झेप. कॅमरन क्रो या तरुण पत्रकाराने सॅन डिएगोच्या एका हायस्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून वावरून लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारला होता; पटकथाही त्याचीच. शाळेनंतर मॉलमध्ये नोकरी करणारी मुले इथे दिसतात. पंधरा वर्षांच्या स्टेसीला गर्भपात करून घ्यावा लागतो, जबाबदार मुलगा ऐनवेळी येत नाही, आणि नकळत तिला तिथवर सोडणारा थोरला भाऊ नंतर दवाखान्याबाहेर तिची वाट पाहत थांबतो. तो उपदेश करत नाही, घरी सांगत नाही. विनोदी म्हणवणाऱ्या चित्रपटात इतका समंजस प्रसंग त्याआधी क्वचितच आला असेल.

या प्रकाराला घडीव रूप दिले ते जॉन ह्यूज याने. १९५० साली जन्मलेला ह्यूज शिकागोजवळच्या नॉर्थब्रुक उपनगरात वाढला, जाहिरात क्षेत्रात आणि ‘नॅशनल लॅम्पून’ या विनोदी मासिकात काम करून सिनेमाकडे वळला. नॉर्थब्रुकचे जुने नाव शर्मरव्हिल. त्यावरून त्याने शर्मर नावाचे काल्पनिक गाव निर्माण केले आणि आपल्या बऱ्याच गोष्टी तिथे घडवल्या. ‘सिक्स्टीन कँडल्स’ (१९८४), ‘द ब्रेकफस्ट क्लब’ (१९८५), ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ (१९८६) हे त्याने लिहून दिग्दर्शित केले. ‘प्रिटी इन पिंक’ (१९८६) त्याने लिहिला. जेमतेम तीन वर्षांतले हे काम आहे.

त्यांतला ‘द ब्रेकफस्ट क्लब’ सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण या प्रकाराची सगळी ताकद त्यात एकवटली आहे. शनिवारचा दिवस. शिक्षा म्हणून पाच मुलांना ग्रंथालयात बसवून ठेवले आहे: कुस्तीगीर अँड्र्यू, श्रीमंत आणि सर्वांना हवीहवीशी क्लेअर, अभ्यासू ब्रायन, दांडगा बेंडर आणि कोणाशी न बोलणारी अ‍ॅलिसन. आपण स्वतःला कोण समजतो यावर निबंध लिहा, असे उपमुख्याध्यापक व्हर्नन फर्मावतात. चित्रीकरण इलिनॉयमधील डेस प्लेन्सच्या एका बंद पडलेल्या शाळेत झाले. ग्रंथालय तिथल्या व्यायामशाळेत उभारले होते. जवळपास सगळा चित्रपट त्याच खोलीत बोलण्यावर चालतो.

डबे उघडण्याचा प्रसंग त्यात आहे. क्लेअरच्या डब्यात सुशी, जी १९८५ साली अमेरिकी मुलांनाही नवलाची होती. अँड्र्यूच्या पिशवीतून खाण्याचा ढीग निघतो. ब्रायनला आईने सूप, सँडविच असे सगळे नीट बांधून दिले आहे. अ‍ॅलिसन सँडविचमधले मांस भिरकावून पावात साखर आणि सीरियल भरते आणि कुरकुर आवाज करत खाते. बेंडरकडे डबाच नाही. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता पाच घरांची परिस्थिती त्याला कळलेली असते. डब्यावरून घर ओळखण्याची सवय ज्याला शाळेपासून आहे अशा मराठी प्रेक्षकाला या प्रसंगासाठी कोणत्याही तळटिपेची गरज पडत नाही.

पुढे मुले जमिनीवर गोल करून बसतात आणि ब्रायन आपल्या शिक्षेचे कारण सांगतो. हस्तकलेच्या तासाला हत्तीच्या आकाराचा दिवा करायचा होता. सोंड ओढली की दिवा लागायला हवा. त्याचा लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा नापास झालेल्या या मुलाने जीव द्यायच्या विचाराने लॉकरमध्ये पिस्तूल आणून ठेवले. ते इशाऱ्याचा जाळ सोडणारे पिस्तूल निघाले आणि लॉकरमध्येच उडाले. हे ऐकून सगळे हसू लागतात, रडवेला झालेला ब्रायनही हसतो. हत्तीचा दिवा हास्यास्पदच आहे आणि त्यापायी मुलगा मरणाच्या दारात गेला हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवणे भल्याभल्या शोकांतिकांना जमत नाही.

त्याहून अवघड प्रश्नही ब्रायनच विचारतो: सोमवारी काय? आज जुळलेली ही मैत्री व्हरांड्यात, सगळ्यांदेखत टिकेल का? क्लेअर प्रामाणिकपणे नाही म्हणते, आणि बाकीचे तिच्यावर चिडतात. सोमवार उजाडण्याआधीच चित्रपट संपतो. ह्यूजने इथे उत्तर दिले असते तर चित्रपट लहान झाला असता.

क्लेअरच्या उत्तरामागे खरे समाजशास्त्र आहे. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने इलिनॉयमधील दहा हायस्कूलांचा अभ्यास करून १९६१ साली ‘द अ‍ॅडोलेसन्ट सोसायटी’ हे पुस्तक लिहिले. मुलांच्या जगात मान मिळतो तो मुलग्यांना खेळातल्या पराक्रमामुळे आणि मुलींना रूप, मैत्रिणी व लोकप्रियतेमुळे. अभ्यासातल्या हुशारीला तितकी किंमत नसते, असे त्याला आढळले. मोठ्यांनी शिकण्यासाठी बांधलेल्या इमारतीत मुलांनी स्वतःचा वेगळा समाज वसवलेला असतो. त्याला स्वतःच्या पायऱ्या, स्वतःचे बहिष्कार आणि स्वतःची वट असलेली घराणी असतात. अगदी लहान गावासारखे हे जग चालते: सगळे सगळ्यांना ओळखतात आणि अफवा दुपारपर्यंत वेशीपलीकडे पोचते.

म्हणूनच जुन्या अभिजात कथा हायस्कूलमध्ये सहज रुजतात. जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही १८१५ सालची कादंबरी हेकरलिंगने ‘क्लूलेस’मध्ये (१९९५) बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेली. गावातल्या लोकांची लग्ने जुळवत फिरणारी आणि स्वतःच्या मनाचा ठाव नसलेली एमा इथे शेर होरोविट्झ झाली. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ (१९९९) आणि शॉच्या ‘पिग्मॅलियन’च्या कल्पनेवरून ‘शीज ऑल दॅट’ (१९९९) आला. ‘ईझी ए’ने (२०१०) हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’चा आधार घेतला. अब्रू, कुजबुज, नाचाच्या समारंभात कोणी कोणाला विचारले याची चर्चा यांवर या कथा उभ्या आहेत. आजच्या मोठ्यांच्या शहरी जीवनात या गोष्टींचा धाक ओसरला आहे. हायस्कूलमध्ये तो शाबूत आहे.

पायऱ्यांचे हे जग सर्वांत बारकाईने दाखवले ते ‘मीन गर्ल्स’ने (२००४). टिना फे हिने रोझलिंड वाइझमनच्या ‘क्वीन बीज अँड वॉनाबीज’ या पालकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकातून पटकथा बेतली. त्या पुस्तकात कथानक नव्हते, होती ती मुलींच्या कंपूंची निरीक्षणे. आफ्रिकेत वाढलेली, घरीच शिकलेली केडी प्रथमच शाळेत येते तेव्हा कॅफेटेरियाचा नकाशा तिच्या हाती पडतो: कोणत्या टेबलावर कोणती जमात. बाहेरून आलेल्या केडीमुळे प्रेक्षकाला सगळे नियम शिकता येतात, अगदी अमेरिकेबाहेरच्या प्रेक्षकालाही. पण चित्रपटाचे खरे धाडस पुढे आहे. शाळेवर राज्य करणाऱ्या रेजिनाच्या कंपूला धडा शिकवायला आत शिरलेली केडी हळूहळू तिच्याइतकीच दुष्ट होते. छळ करणारे आणि छळ सोसणारे अशी माणसांची कायमची विभागणी नसते, हे इतक्या हसत्याखेळत्या चित्रपटाने ठामपणे सांगितले.

हसू कशातून येते, याचे उत्तर मानसशास्त्रातही शोधता येते. डेव्हिड एल्किंड याने १९६७ साली मांडले की, कुमारवयात मुलाला आपल्याभोवती सतत एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग असल्यासारखे वाटते. नाकावरची पुटकुळी सगळ्या जगाने पाहिली अशी त्याची खात्री असते, आणि आपल्यासारखे दुःख आजवर कोणी भोगले नाही अशीही. मोठ्यांना हे प्रमाण चुकलेले दिसते आणि त्यातून विनोद घडतो. सिनेमागृहात मात्र गंमत अशी होते की, मुलाच्या कल्पनेतला प्रेक्षक खरोखरच समोर बसलेला असतो. त्याची पुटकुळी खरोखरच तीस फूट उंच पडद्यावर असते. त्यामुळे त्याची भीती अतिशयोक्त राहत नाही. चांगला दिग्दर्शक कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो, आणि मग प्रेक्षक वरून हसण्याऐवजी आठवून हसतो.

‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’मध्ये हे फार सुंदर साधले आहे. आजारपणाचे सोंग करून शाळा बुडवणारा आणि मित्रांसोबत शिकागोत भटकणारा फेरिस थेट कॅमेऱ्याशी बोलतो. त्याला प्रेक्षकाची भीती नाही, तो त्याचा लाडका आहे. पण ज्याच्यात बदल होतो तो त्याचा मित्र कॅमरन. वडिलांच्या जपून ठेवलेल्या १९६१ सालच्या फेरारीवर लाथा घालून हा घाबरट मुलगा प्रथमच आपला राग बाहेर काढतो आणि गाडी काचेच्या भिंतीतून खाली दरीत पडते. मग तो म्हणतो, आता वडिलांशी मीच बोलेन. शिकागोभरची मौज हा त्या एका निर्णयापर्यंत पोचण्याचा रस्ता होता.

या चित्रपटांत प्रेमकथा दिसते ठळक, पण पुष्कळदा मैत्री तिच्याहून खोल असते. ‘सुपरबॅड’ची (२००७) पटकथा सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग यांनी शाळकरी वयातच लिहायला घेतली होती आणि नायकांना स्वतःचीच नावे दिली. चित्रपटभर दोघे मित्र पार्टीसाठी दारू मिळवण्याच्या खटपटीत असतात, संवाद शिव्यांनी भरलेले असतात. आतून मात्र वेगवेगळ्या कॉलेजांत जावे लागणार या कल्पनेने दोघेही हादरलेले असतात. ऑलिव्हिया वाइल्डच्या ‘बुकस्मार्ट’ने (२०१९) तीच वाट दोन अभ्यासू मैत्रिणींसाठी मोकळी केली. ग्रेटा गर्विगच्या ‘लेडी बर्ड’मध्ये (२०१७) मुख्य नाते आईचे आणि मुलीचे आहे. सॅक्रामेंटो शहर, वडिलांची गेलेली नोकरी, दोन्ही पाळ्यांत राबणारी परिचारिका आई. सेकंडहँड कपड्यांच्या दुकानात दोघी कडाकडा भांडत असतात आणि मनाजोगता ड्रेस हाती लागताच भांडण विसरून एका सुरात हरखतात. त्या काही सेकंदांत त्या घरातले सगळे प्रेम आणि सगळी चणचण दिसते.

या प्रकाराचे दोषही गंभीर आहेत. ‘सिक्स्टीन कँडल्स’मधला आशियाई विद्यार्थी हा निव्वळ टिंगलीचा विषय आहे, तो पडद्यावर आला की घंटेचा टोला वाजतो. त्याच चित्रपटात दारूने भान हरपलेली मुलगी एक मुलगा दुसऱ्याच्या हवाली करतो आणि ते गंमत म्हणून दाखवले जाते. ह्यूजची नायिका मॉली रिंगवल्ड हिने २०१८ साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये या चित्रपटांकडे पुन्हा पाहणारा लेख लिहिला. आपल्या मुलीसोबत ‘द ब्रेकफस्ट क्लब’ पाहताना बेंडरचे क्लेअरशी वागणे तिला खुपले. तरीही हे चित्रपट कित्येक एकाकी मुलांना आधार ठरले, हे तिने नाकारले नाही. ही दुहेरी नजर योग्यच आहे. अ‍ॅलिसनला शेवटी सजवून-नटवून ‘सुंदर’ करणे हा तर त्या चित्रपटाने स्वतःच्याच म्हणण्याशी केलेला द्रोह आहे.

शर्मर गाव जवळपास पूर्ण गोरे होते. कृष्णवर्णीय मुलांची शाळा १९७५ सालीच मायकल शुल्ट्झच्या ‘कूली हाय’मध्ये दिसली होती, तीही शिकागोतलीच, आणि रेजिनाल्ड हडलिनच्या ‘हाउस पार्टी’ने (१९९०) अशा मुलांचा नाच आणि थट्टा पडद्यावर आणली. त्यांना ह्यूजइतकी प्रसिद्धी मिळाली नाही. नटांचे वय ही आणखी एक खोट. ‘ग्रीस’मध्ये (१९७८) शाळकरी रिझो साकारताना स्टॉकर्ड चॅनिंग तेहतीस वर्षांची होती. बो बर्नमच्या ‘एट्थ ग्रेड’मध्ये (२०१८) आठवीच्या वयाचीच मुलगी, एल्सी फिशर, नायिका झाली तेव्हा तिची खरी पुटकुळी आणि अडखळते बोलणे यांनी प्रेक्षक अस्वस्थ झाले. व्हरांड्याची जागा त्यात मोबाइलने घेतली आहे. सोमवार आता रविवारी रात्रीच उगवतो. शिवराळ भाषा आणि लैंगिक विषय यांमुळे त्या चित्रपटाला ‘आर’ दर्जा मिळाला, म्हणजे तो ज्यांच्याविषयी होता त्या मुलांना मोठ्यांशिवाय पाहता येईना. निर्मात्यांनी मग एके संध्याकाळी पन्नासही राज्यांत वयाची अट न ठेवता मोफत खेळ लावले.

मराठीत हे वय पडद्यावर उशिरा आले. हिंदी सिनेमाने ते बराच काळ कॉलेजात ढकलले. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा सुजय डहाके यांचा ‘शाळा’ किंवा रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ यांत मुले-मुली वेगळ्या बाकांवर बसतात, प्रॉम नसतो, दहावीची परीक्षा असते. एका वर्गात राहून मैलभर दूर असणे मात्र तेच आहे.

या चित्रपटांचे प्रेक्षक तीन वयांचे असतात. अकरा-बारा वर्षांची मुले पुढच्या शाळेची माहितीपुस्तिका म्हणून ते पाहतात. हायस्कूलच्या वयातली मुले आपल्यासारखे कोणी आहे का, हे शोधतात. आणि प्रौढांच्या बाबतीत स्मृतीचा एक नियम काम करतो: चाळिशीनंतर माणसाला आयुष्यातल्या इतर काळापेक्षा दहा ते तीस या वयातल्या आठवणी अधिक येतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. तिन्ही वयांना एकच चित्रपट पुरतो, कारण त्यात मुलांसोबत शिक्षक आणि पालकही आपापल्या भीतीसह असतात. ‘द ब्रेकफस्ट क्लब’मधले व्हर्नन तळघरात सफाई कामगाराशी बोलताना, ही पोरे मोठी होऊन आपला सांभाळ करणार या विचाराने धास्तावतात; पंधराव्या वर्षी हा प्रसंग नजरेतून सुटतो, पंचेचाळिसाव्या वर्षी तोच लक्षात राहतो. ‘मीन गर्ल्स’ची संगीतिका झाली आणि २०२४ मध्ये तिच्यावरून पुन्हा चित्रपट आला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या सगळ्या भूमिकांत नवी मुले होती. गणिताच्या शिक्षिकेचे काम मात्र वीस वर्षांपूर्वीप्रमाणे टिना फे हिनेच केले.